दोन कंपन्या, एक यादी: भरतीची तारीख धरावी की प्रमाण?

तुमची विमान कंपनी दुसरीत विलीन होते आहे आणि दोन्हीकडच्या वैमानिकांची मिळून सिनियॉरिटी यादी कशी लावायची यावर थोड्याच दिवसांत तुम्हाला मत द्यायचं आहे, असं धरून हे लिहितो आहे. बाहेरच्या माणसाला ही भांडणं मानापमानाची वाटतात. तसं नाही. विमान कोणतं, खुर्ची डावी (कॅप्टनची) की उजवी (फर्स्ट ऑफिसरची, म्हणजे सहवैमानिकाची), बेस, म्हणजे ड्युटी सुरू होते तो विमानतळ, कुठला, सणासुदीला घरी की स्टँडबायवर, आणि मंदी आली तर आधी घरी कोण बसणार, हे सगळं यादीतल्या त्या एका नंबरवर ठरतं. तो नंबर सोबत नेताही येत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत वीस वर्षं नोकरी केलेला कॅप्टन दुसरीकडे गेला तर यादीच्या तळापासून सुरुवात करतो. म्हणून लोक जिवाच्या आकांताने लढतात, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

एक पर्याय लगेच बाजूला ठेवूया: दुबळ्या कंपनीची अख्खी यादी दुसरीच्या खाली टाचायची. अमेरिकेत याला ‘स्टेपल’ म्हणतात. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए घेतली तेव्हा तिथल्या सुमारे २,३०० वैमानिकांपैकी निम्म्याहून अधिक असे तळाशी गेले. त्याच वर्षी ११ सप्टेंबरचा हल्ला झाला, कपात तळापासून सुरू झाली आणि अनुभवी माणसं घरी बसली. त्यांची बाजू नीट न मांडल्याबद्दल त्यांच्याच संघटनेला, एएलपीएला, २०११ मध्ये ज्युरीने दोषी धरलं आणि पुढे ५ कोटी ३० लाख डॉलर देऊन तो दावा मिटवावा लागला. मधल्या काळात, २००७ मध्ये, मॅकास्किल-बॉन्ड कायदा आला: यादी न्याय्य आणि समतोल हवी, आपसात जमलं नाही तर लवाद. स्टेपलचा प्रस्ताव समोर आला तर सरळ नकार द्या.

खरा पेच उरतो तो भरतीची तारीख आणि प्रमाण यांच्यात. इथे तत्त्वं बाजूला ठेवून आकडे मांडा.

समजा, ‘अ’ ही जुनी कंपनी, १,००० वैमानिक, गेली आठ वर्षं भरती बंद. ‘ब’ नवी, ५०० वैमानिक, सगळे याच आठ वर्षांत लागलेले. दोन्हीकडे निम्मे कॅप्टन, म्हणजे ५०० आणि २५०. ‘अ’मधला एक फर्स्ट ऑफिसर बारा वर्षं उजव्या खुर्चीत आहे, नंबर ७००. ‘ब’मध्ये एक जण सहा वर्षांतच कॅप्टन झालाय, नंबर २००.

भरतीच्या तारखेने यादी लावा. ‘अ’चा अख्खा हजार वर, ‘ब’ सगळी खाली. नाव वेगळं असलं तरी निकाल स्टेपलचाच. एकत्रित कंपनीत कॅप्टनच्या जागा ७५०. ‘अ’चा फर्स्ट ऑफिसर ७००व्या क्रमांकावरच राहतो, पण आता त्याला कमांड, म्हणजे कॅप्टनची खुर्ची, मिळते. ‘ब’चा कॅप्टन १,२००व्या क्रमांकावर जातो आणि डावी खुर्ची गमावतो. दोन्ही कंपन्यांत तेवढीच विमानं उडत असताना एकाची खुर्ची दुसऱ्याला गेली.

आता प्रमाणाने लावा, म्हणजे दर दोन ‘अ’मागे एक ‘ब’. पहिला १,०५०वर, दुसरा ६००वर. काल जो जिथे बसत होता तिथेच आज बसतो. लवादांना ही पद्धत का पटते ते यावरून कळतं.

पण इथेच थांबू नका. ‘अ’ जुनी असल्याने तिचे वरचे लोक निवृत्तीला आलेत. समजा पाच वर्षांत तिथले २०० जण गेले. विलीनीकरण झालंच नसतं तर आपला फर्स्ट ऑफिसर ७००वरून ५००वर, म्हणजे बरोबर शेवटच्या कॅप्टनच्या जागेवर आला असता. एकत्रित यादीत तो ८५०वर येतो. ७५०च्या रेषेला अजून शंभर कमी! रिकाम्या झालेल्या दोनशे जागा ‘अ’च्या होत्या, त्यातला तिसरा हिस्सा ‘ब’च्या मुलांना गेला. बारा वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला हे सांगून पाहा. तो चिडतो तेव्हा लोभापोटी चिडत नाही, त्याचा हिशेब बरोबर असतो.

यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट यांच्या २००५च्या विलीनीकरणात हेच घडलं. पूर्वेकडच्या यूएस एअरवेजमध्ये सोळा-सतरा वर्षं सेवेचे वैमानिक कपातीत घरी बसले होते किंवा तळाशी अडकले होते. २००७ मध्ये लवाद जॉर्ज निकोलाउ यांनी पूर्वेचे ५१७ ज्येष्ठ वैमानिक सर्वात वर ठेवले, बाकी चालू नोकरीतल्यांची प्रमाणाने सरमिसळ केली आणि कपातीतल्यांना तळाशी टाकलं. पूर्वेच्या वैमानिकांनी २००८ मध्ये एएलपीएलाच मतदानाने हटवून भरतीच्या तारखेचा आग्रह धरणारी नवी संघटना, यूएसएपीए, उभी केली. पश्चिमेचे, म्हणजे अमेरिका वेस्टचे, कोर्टात गेले. एकाच रंगाची विमानं आणि दोन वेगळे वैमानिक गट, असं वर्षानुवर्षं चाललं. पूर्वेचे लोक दिवाळखोरीच्या काळातल्या पगारावर अडकून राहिले. २०१३ मध्ये अमेरिकनशी विलीनीकरण झालं आणि अखेरची यादी आली ती सप्टेंबर २०१६ मध्ये.

पूर्वेच्या काहींना वेगळं राहिल्याने आपल्या निवृत्तींचा लाभ मिळाला, हे खरं आहे. पण त्यासाठी सगळ्यांनी मोजलेली किंमत पाहता मी तो सौदा केला नसता. शिवाय डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकेत निवृत्तीचं वय ६०वरून ६५ झालं. वरच्या खुर्च्या ज्या वर्षी रिकाम्या होणार म्हणून हिशेब केले होते, ते एका सहीने पुढे ढकलले गेले.

म्हणून मला तिसरा मार्ग पटतो: मिश्र पद्धत आणि सोबत कुंपण. युनायटेड-कॉन्टिनेंटलच्या २०१३च्या निवाड्यात खुर्ची आणि विमान यांना जास्त, सेवाकाळाला कमी पण खरं वजन मिळालं. आपल्या उदाहरणात त्यामुळे ‘अ’चा फर्स्ट ऑफिसर १,०५०वरून वर सरकेल आणि ‘ब’चा कॅप्टन थोडा खाली येईल, पण ७५०च्या आत राहील. कुंपण म्हणजे ठरावीक विमानांवरच्या किंवा बेसवरच्या जागा ठरावीक वर्षं मूळ कंपनीच्याच लोकांसाठी राखणं. डेल्टा-नॉर्थवेस्टमध्ये प्रमाणाला मोठ्या विमानांभोवतीच्या अशा कुंपणाची जोड होती. कुंपणाची मुदत मात्र नीट वाचा. तीन वर्षांचं कुंपण आणि निवृत्तीची लाट सहाव्या वर्षी, असं असेल तर तुमच्या हाती काही लागणार नाही.

आपसात मिटवायचं की लवादाकडे जायचं? साउथवेस्टने एअरट्रान घेतली तेव्हा, २०११ मध्ये, एअरट्रानच्या वैमानिक नेत्यांनी पहिला करार सभासदांच्या मतालाही न टाकता फेटाळला. नंतर आला तो आणखी वाईट होता, आणि तोच मंजूर करावा लागला. दुसरीकडे डेल्टाच्या वेळी पगाराचा संयुक्त करार विलीनीकरणाआधीच झाला होता आणि विलीनीकरणानंतर दोनेक महिन्यांत, डिसेंबर २००८ मध्ये, लवादाने यादी दिली. माझा कल असा: पगाराचा करार हातात असेल तर लवादाला घाबरू नका. नसेल आणि समोरची कंपनी तुमच्यापेक्षा भक्कम असेल, तर पहिला प्रस्ताव सभासदांपुढे येऊ द्या.

सर्वात वाईट पर्याय म्हणजे ‘आधी एकत्र येऊ, बाकीचं नंतर पाहू’. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एक झाल्या. सेवाशर्ती जुळवण्यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली गेली ती २०११ मध्ये. त्याच वर्षी जुन्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक समान वेतनासाठी संपावर गेले. पुढच्या वर्षी जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी ५८ दिवस संप केला, कारण नव्या ड्रीमलायनर विमानाचं प्रशिक्षण दुसऱ्या गटालाही मिळणार होतं. विलीनीकरणाला तोवर पाच वर्षं होत आली होती.

तुम्ही ‘अ’सारख्या कंपनीत मधल्या नंबरावर असाल तर भरतीच्या तारखेसाठी ताकद खर्चू नका, लांब मुदतीचं कुंपण आणि सेवाकाळाचं वजन मागा. ‘ब’सारख्या कंपनीत असाल तर प्रमाणावर ठाम राहा, पण समोरच्यांच्या निवृत्तींवर हक्क सांगू नका. ज्या यादीवर रोज एका कॉकपिटमध्ये बसायचं आहे ती निम्म्यांना चोरी वाटून चालत नाही. आणि मत देण्याआधी समितीकडून दोन आकडे लेखी घ्या: विलीनीकरणाशिवाय तुमचा नंबर पाच आणि दहा वर्षांनी कुठे असता, आणि नव्या यादीत कुठे असेल. हे आकडे निवृत्तीचं वय आणखी वाढलं तर कसे बदलतील, तेही त्याच कागदावर मागा.