चार जातींचा खजूर, आठ महिने: पुण्यात कोंढव्यातल्या स्वयंपाकघरातून

दरवर्षी रमजानला आमच्या घरी एकाच जातीचा खजूर यायचा. डबा संपला की तसलाच दुसरा. यंदा, म्हणजे 2025 साली, 2 मार्चला पहिला रोजा होता, त्याच्या आठवडाभर आधी मी जरा हात सैल सोडला. कौसरबागेतून किमिया आणि मेजूल, मार्केट यार्डातून सुटा जाहिदी तीन किलो, आणि उमराहून (मक्केच्या यात्रेहून) येताना दिरांनी मदिनेहून आणलेला अजवा. शिवाय किलोभर खारीक. आता दिवाळीही होऊन गेली आणि डबे रिकामे झालेत, तेव्हा लिहायला हरकत नाही.

इफ्तारला किमियाला तोड नाही. ही जात मजाफती, इराणच्या केरमान प्रांतातल्या बामकडची. किमिया हे बाजारात रुळलेलं नाव. काळाकुळकुळीत, ओलसर, बोटाने दाबला तर दबलेलाच राहतो. मार्चच्या उन्हात दिवसभर पाणी नाही, घसा कोरडा पडलेला. अशा वेळी पावणेसातच्या सुमारास अजान झाली की चावावा लागणारा खजूर नकोच वाटतो. किमिया जिभेवर ठेवला की विरघळतो, मागे फक्त पातळ साल टाळूला चिकटते. रोजा ताज्या खजुराने सोडावा, तो नसेल तर सुक्याने, तोही नसेल तर पाण्याच्या घोटाने, असं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, आहे. त्यातला ताजेपणा मला या डब्यातच थोडाफार सापडतो.

पण हा खजूर फ्रिजचा. मी एक डबा ओट्यावर विसरले आणि दहा-बारा दिवसांनी उघडला तर आंबूस वास, फळ फसफसलेलं. सगळा कचऱ्यात. तेव्हापासून एका वेळी एकच डबा.

दुसरी सवय सासूबाईंची. अम्मी असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजनंतर ताट घेऊन बसतात आणि प्रत्येक खजूर उभा चिरून, बी काढून, आत बघून मगच मांडतात. मला पूर्वी हा वेळकाढूपणा वाटायचा. यंदा एका चकचकीत डब्यातल्या तीन खजुरांत जाळी आणि अळी निघाली, तेव्हा मी मुकाट्याने दुसरी सुरी घेतली. घाईत, अर्धवट उजेडात तोंडात टाकल्यावर कळून काय उपयोग? पांढरं दिसलं की लगेच फेकू मात्र नका. कडक, खडीसाखरेसारखे कण असतील तर ती आतलीच साखर असते, गरम केली की विरघळते. भुरभुरीत किंवा केसाळ असेल तर बुरशी.

अजवा लहान, काळा, सुरकुतलेला, अंगावर बारीक पांढऱ्या रेषा. गोडी बेताची, थोडा सुक्या आलुबुखाऱ्याकडे झुकणारी चव. अम्मी सकाळी मोजून खातात. तो शिजवायचा विचारही मनात आणू नये.

मेजूलबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. दिसायला राजा, मूळचा मोरोक्कोचा. 1927 साली तिथून अकरा रोपं अमेरिकेत नेली आणि तिथल्या बागा त्यातून उभ्या राहिल्या. माझा जॉर्डनचा होता. बी काढून अक्रोड भरला की पाहुण्यांपुढे शोभतो, एवढंच. एका मोठ्या मेजूलमध्ये 16 ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे चार छोटे चमचे. अम्मींना मधुमेह आहे, त्यामुळे हा हिशेब घरात सगळ्यांना पाठ. 'खजूर नैसर्गिक, कितीही खा' असं सांगणाऱ्यांना मी आता हात जोडते.

खरा कामाचा निघाला तो जाहिदी. पिवळट-तपकिरी, कोरडा, सगळ्यांत स्वस्त, नुसता खायला काहीसा रवाळ. पण चिंचेबरोबर त्याची जी चटणी होते, ती महागड्या खजुराची होत नाही, कारण ते आधीच इतके गोड की चिंच दबून जाते. पाव किलो जाहिदी, त्याच्या निम्मी चिंच, मूठभर गूळ. गरम पाण्यात अर्धा तास भिजवून उकळायचं, वाटून गाळायचं, मग धने-जिरेपूड, सैंधव, लाल तिखट. मी ती बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. इफ्तारच्या चण्यांवर दोन वड्या, दहीवड्यांवर एक. रमजान संपला तरी भेळेसाठी हा कारखाना चालूच राहिला.

याच चटणीने मिक्सरही खाल्ला. जूनमध्ये सुटा जाहिदी संपला आणि मी 'सीडलेस' लिहिलेलं पाकीट आणलं. विश्वासाने तसंच भांड्यात ओतलं. खट्ट! एक बी राहिली होती आणि पात्याचा टवका उडाला. दुकानदार म्हणाला, "ताई, एखादी असतेच." असते, तर पाकिटावर तसं लिहा.

आता ईदच्या शीरखुर्म्याची गोष्ट, 31 मार्चची. शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर, मग खारीक कशाला, असा माझा तर्क. दोन लिटर आटवलेल्या दुधात मऊमऊ किमिया चिरून घातला. पाच मिनिटांत दूध चहाच्या रंगाचं, सालींचे तुकडे तरंगतायत, आणि कडेने बारीक फाटायला लागलेलं. अम्मींनी पळी फिरवून पाहिली. "अगं, नाव खजुराचं असलं तरी घालायची खारीकच." मग उरलेल्या दुधात दुसरा घाट. खारीक रात्री भिजवलेली होतीच. तिचे लांब काप तुपात फुगेपर्यंत परतले आणि शेवया शिजल्यावर, गॅस बंद करून घातले. काप दाताखाली लागतात आणि दूध पांढरं राहतं. ईदगाहला निघण्याआधी सगळ्यांनी तीन-तीन खजूर खाल्ले, ते अजवाचे. माझा तपकिरी शीरखुर्मा पोरांनी दुपारी थंड करून संपवला, हेही सांगायला हवं.

जुलैत हातगाड्यांवर कच्छची ओली खारीक, म्हणजे ताजा खजूर आला, पिवळा आणि लाल. तिला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. कुरकुरीत, किंचित तुरट. कोशिंबिरीत छान लागते, पण चार दिवसांत मऊ पडते.

पुढचा रमजान फेब्रुवारीतच आहे. तेव्हा किमिया एकेक डबा, जाहिदी पाच किलो, आणि मेजूल अजिबात नाही. उरलेली खारीक गेल्या आठवड्यात डिंकाच्या लाडवांसाठी काढली. मिक्सरचं पातं अजून बदललेलं नाही, म्हणून शेजारच्या काकूंकडून लोखंडी खलबत्ता आणला. तास लागला, हात भरून आले, पूड जाडसर झाली. काकू चिमूट तोंडात टाकून म्हणाल्या, "अशीच हवी. मिक्सरची भुकटी तुपात चिकट होते." खलबत्ता अजून आमच्याकडेच आहे.