आठ महिन्यांत अकरा वेळा वाजला: कॅम्परमधल्या सीओ अलार्मचा अनुभव

बामणोलीला कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर मुक्काम होता. नोव्हेंबरची थंडी, रात्रीचे पावणेतीन. गाडीत आम्ही चौघं गाढ झोपलेलो आणि अलार्म वाजला. चार वेळा टीं-टीं, जरा थांबून परत चार वेळा. आवाज इतका कर्कश की धाकटी रडतच उठली. दोघं पोरं पांघरुणासकट उचलून बाहेर आणली, सगळी दारं-खिडक्या उघडल्या आणि मग आत डोकावून पाहिलं. डिस्प्लेवर ११२ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ११२ भाग. सिलिंडरचा कॉक बंद, गॅस संध्याकाळी सातलाच बंद केलेला, इंजिनाला हात लावून सात-आठ तास झालेले. गाडीत जळत असलेलं काहीच नव्हतं. मग कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे सीओ हा विषारी वायू, आला कुठून?

उत्तर सापडायला दीड महिना गेला. तेवढ्यात हा अलार्म आणखी सहा वेळा वाजला आणि ओळखीच्या तिघा-चौघांनी एकच सल्ला दिला, अलार्मचे सेल काढून टाक. तो ऐकला नाही याचं आज फार बरं वाटतं.

गाडी म्हणजे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, साताऱ्यातच आतून कॅम्पर करून घेतलेली. मागं पलंग, बाजूला छोटा ओटा, बाकाखाली १५० एएचची (अँपिअर-अवर) ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालावं लागणारी लेड-ॲसिड बॅटरी. ही बॅटरी घरच्या इन्व्हर्टरची, चार वर्षं वापरलेली. नवीन घ्यायचे पैसे तेव्हा वाचवले. अलार्म मात्र मी बघूनच घेतला होता: इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर, आकडा दाखवणारा डिस्प्ले, आणि ईएन ५०२९१ या सीओ अलार्मच्या युरोपीय मानकाच्या दुसऱ्या भागाप्रमाणे, म्हणजे कॅम्पर आणि बोटींसाठी तपासलेला. घरात वापरायचे अलार्म पहिल्या भागात येतात. गाडीचे हादरे आणि तापमानातले चढउतार दुसऱ्या भागात धरलेले असतात. अलार्म घेताना हे पाहाच, आणि नुसता दिवा लागणारा घेऊ नका. आकडा दिसत नसता तर मला काहीच उलगडलं नसतं.

आकड्याचा हिशेब एकदा समजून घ्यावा. या मानकाप्रमाणे ५० पीपीएमला अलार्म ६० ते ९० मिनिटांनी वाजतो, १००ला १० ते ४० मिनिटांत आणि ३००ला ३ मिनिटांच्या आत. म्हणजे वाजण्याआधी बराच वेळ आकडा वर चढत असतो. हे कळल्यापासून मी झोपायच्या आधी एकदा डिस्प्ले बघतोच.

बामणोलीहून आल्यावर वही घातली. तारीख, वेळ, आकडा, गॅस चालू की बंद, खिडक्या, चार्जर. साताऱ्यात दारात गाडी उभी, आत कोणी नाही, तरी दोनदा वाजला. पाचव्या नोंदीला दिसलं की प्रत्येक वेळी चार्जर लावलेला होता आणि अलार्म तीन-चार तासांनी वाजला होता. बामणोलीलाही शेजारच्या खानावळीतून वायर ओढून चार्जिंग लावलं होतं. अलार्म दोन रात्री घरात ठेवला, आकडा शून्य. मग चार्जिंग चालू असताना बाकाची फळी उचलून बॅटरीजवळ धरला. पंधरा मिनिटांत २०० पार.

बॅटरीवाल्या काकांनी ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर घातला. बॅटरीच्या आतले पाच सेल (कप्पे) १२४०च्या आसपास, सहावा ११२०. ते म्हणाले, "दादा, ह्यो एक सेल बसलाय बगा. बाकीचे पाच त्याचं वझं वढत्यात."

गणित सोपं आहे. चार्जर १४.४ व्होल्ट देतो. सहा सेल असतील तर प्रत्येकी २.४. एक सेल आतून शॉर्ट झाला की तेच १४.४ पाचांत वाटले जातात, म्हणजे जवळपास २.८८. लेड-ॲसिड बॅटरीत २.४ च्या आसपासच पाणी फुटून गॅस सुटायला लागतो, इथं तर त्याच्या कितीतरी वर. चार्जरला बॅटरी भरल्याचं कधी कळतच नाही, तो रात्रभर करंट ढकलत राहतो. बाहेर पडतो तो हायड्रोजन. आणि सीओचा इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर हायड्रोजनलाही प्रतिसाद देतो, आकडा मात्र सीओ म्हणूनच दाखवतो. सेन्सरपुढं कोळशाची गाळणी असते, ती अल्कोहोलसारख्या वाफा बऱ्याच अडवते. हायड्रोजन तिच्यातून सरळ आत जातो.

दर पंधरा दिवसांनी मला डिस्टिल्ड वॉटर घालावं लागत होतं. पाणी का आटतंय हे तेव्हाच विचारायला हवं होतं.

म्हणून त्या सात अलार्मना "खोटे" म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सीओ नव्हता हे खरं. पण बाकाखाली हायड्रोजन साठत होता, आणि हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की एका ठिणगीनं भडका उडतो. त्याच बाकावर पोरं झोपत होती.

बॅटरी बदलली. नवीन ट्यूब्युलरच घेतली, पण आता ती झाकणाच्या बंद पेटीत आहे. हायड्रोजन हवेपेक्षा हलका, म्हणून पेटीच्या वरच्या कडेतून नळी काढून गाडीच्या पत्र्याबाहेर सोडली, हवा आत यायला खाली भोक ठेवलं. पेटी आणि गाडीचा आतला भाग यात कुठंही फट नाही, सगळीकडे रबर. लिथियम फॉस्फेट बॅटरी घेतली तर ही गॅसची भानगड राहत नाही, पण तिला चार्जरही वेगळा लागतो, एवढा खर्च सध्या झेपत नाही. अलार्मची जागाही बदलली. गाडी करणाऱ्यांनी तो बॅटरीच्या बाकावरच ठोकला होता. आता तो पलंगाजवळ, झोपल्यावर डोकं येतं त्या उंचीला, ओट्यापासून लांब आहे. सीओ हवेइतकाच जड असतो, त्यामुळं तो आपण श्वास घेतो तिथं मोजायचा. एलपीजी जड, त्याचा डिटेक्टर वेगळा आणि जमिनीलगत. एकाच्या भरवशावर दुसरा टाळू नका.

नंतर तीनदा वाजला तो वाफांमुळं. ओट्याला पॉलिश केलं होतं त्या दिवशी, एकदा डासांचा स्प्रे बंद गाडीत मारल्यावर, एकदा सॅनिटायझरची बाटली सांडल्यावर. खिडक्या उघडल्या की दहा मिनिटांत आकडा उतरायचा. पॉलिश केलं तर गाडी दोन दिवस उघडी ठेवायची, एवढंच त्यावर सांगण्यासारखं.

अकरावा अलार्म फेब्रुवारीतला. चाळकेवाडीच्या पठारावर ओळखीच्यांच्या रानात थांबलो होतो. पवनचक्क्यांचा वारा तुम्हाला माहीत आहे, अंगातून आरपार जातो. सासरे सोबत होते, त्यांना थंडी सोसवेना. जेवणं झाल्यावर मी भांडी घासायला बाहेर होतो तेवढ्यात मेव्हण्यानं कोळशाची शेगडी आत घेतली. ज्वाळा नाही, धूर नाही, नुसते लाल निखारे. दारं लावली. असे धुमसणारे निखारेच सगळ्यात जास्त सीओ सोडतात, आणि त्याला वास नसतो, रंग नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो.

वीसेक मिनिटांत अलार्म वाजला. मी धावत दाराशी आलो तर मेव्हणा आतून म्हणाला, "भावजी, तुमच्या बॅटरीचंच असंल ते." माझं लक्ष डिस्प्लेवर, १६३. चार्जर लावलेलाच नव्हता. सासऱ्यांना हाताला धरून उतरवलं. "डोकं जरा जड झालंय," एवढंच म्हणाले, पायरीवर त्यांचा पाय चुकला. शेगडी बाहेर काढली, दारं उघडून गाडीत नीट वारा खेळू दिला, आकडा शून्य झाल्यावर खिडक्या खाली ठेवूनच थेट साताऱ्याला दवाखान्यात आलो. तिथं त्यांना ऑक्सिजन लावला, सकाळी घरी सोडलं.

त्या रात्री अलार्ममध्ये सेल होते.

आता वाजला की आमच्याकडं आधी सगळे बाहेर, मग कारण शोधायचं. हे पोरांनाही पाठ आहे. मिनिटा-दीड मिनिटानं एकच टीं आला तर सेल उतरलेत, चार सलग आले तर उठायचं. टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबतो, पण त्यानं भोंगा आणि सर्किट चालू आहे एवढंच कळतं, सेन्सर जिवंत आहे का ते कळत नाही. सेन्सरला आयुष्य असतं. माझ्या अलार्मवर सात वर्षं लिहिलंय. बदलायची तारीख मी मागं मार्करनं लिहिली आहे, आणि तीच तारीख बायकोनं घरातल्या कॅलेंडरच्या पाठीमागंही लिहून ठेवली आहे.