उद्दिष्टपत्रकाचे दहा महिने: ऑनलाइन शिकवताना काय टिकलं, काय गळलं

वापर जून ते मार्च. वर्ग तिसरी ते पाचवी, जिल्हा परिषद शाळा, नाशिक जिल्हा. पत्रक म्हणजे शिक्षकाने स्वतःची वर्षाची उद्दिष्टं लिहायचा ए-फोर आकाराचा एक कागद आणि त्यावर पाच रकाने: काय करायचं, कधीपर्यंत, मुलांच्या कामात काय दिसेल, किती तास लागले, काय अडलं. तिसरा रकाना भरता येत नसेल तर ते उद्दिष्ट कागदावर घ्यायचं नाही, एवढाच नियम.

या एका नियमामुळे ‘अध्यापनात तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर करणे’ ही दरवर्षीची ओळ पहिल्याच दिवशी गेली. प्रभावी झाला की नाही, हे मार्चमध्ये ठरवणार कशावरून? तिच्या जागी लिहिलं: ‘हातच्याच्या वजाबाकीत कोण कुठे चुकतं हे एका प्रश्नावरून कळेल असा गुगल फॉर्म, ऑगस्टअखेर.’

हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण शिक्षकाचं वर्षातलं सगळ्यात जास्त शिक्षण इथेच होतं. ५२ वजा २७ हा प्रश्न घ्या. बरोबर उत्तर २५, आणि चुकणारी बहुतेक मुलं ३५ लिहितात. पण ३५ दोन वाटांनी येतं. एक मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा करतं: ७ मधून २ गेले ५, ५ मधून २ गेले ३. दुसरं मूल दशक सुटा करतं, १२ मधून ७ वजा करून ५ लिहितं, पण दशकाच्या घरातला एक कमी करायला विसरतं, म्हणून तिथे ३. उत्तर एकच, दुखणं वेगळं, औषधही वेगळं. आता ५३ वजा २७ द्या. पहिलं मूल ३४ लिहील, दुसरं ३६, बरोबर उत्तर २६ आणि बेरीजच करून टाकणारं मूल ८०. हेच चार पर्याय ठेवायचे. प्रश्नातला एक अंक बदलला की फॉर्म निदान करू लागतो.

पुढची पायरी: फॉर्ममध्ये चुकीच्या उत्तरासाठी अभिप्राय लिहिता येतो, पण तो सगळ्या चुकीच्या उत्तरांना एकच जातो. ३४ वाल्याला एक व्हिडिओ आणि ३६ वाल्याला दुसरा दाखवायचा असेल तर ‘उत्तरानुसार विभागावर जा’ ही सोय वापरावी लागते. प्रत्येक विभागाच्या शेवटी फॉर्म कुठे जाणार तेही ठरवून द्यायचं. ते राहिलं तर ३४ वाल्याचा विभाग संपला की मूल ३६ वाल्याच्या विभागात शिरतं आणि गोंधळतं.

फॉर्मच्या बाबतीत आणखी तीन गोष्टी. लघुउत्तराचा प्रश्न आपोआप तपासायला ठेवू नका. तिथे अक्षरन् अक्षर जुळावं लागतं आणि मराठी कीबोर्डवर अंक देवनागरी पडले की इंग्रजी पडले यावर मुलाचा गुण जातो. स्वीकारार्ह उत्तरांत दोन्ही रूपं टाकता येतात, पण शब्दांच्या उत्तरात ऱ्हस्वदीर्घाची किती रूपं टाकणार? नावाऐवजी हजेरी क्रमांक ड्रॉपडाउनमधून घ्या, नाहीतर प्रतिसादांच्या शीटमध्ये एकच मूल चार स्पेलिंगांनी येतं. आणि ‘एकच प्रतिसाद’ ही मर्यादा बंद ठेवा. ती चालू असली की गुगल खात्याने लॉगिन लागतं, आणि घरात एकच फोन असेल तर एकाच वर्गातल्या दोघा भावंडांपैकी दुसऱ्याची वाट अडते.

वेळेचं गणितही पत्रकातच शिकायला मिळालं. निफाड-दिंडोरी पट्ट्यात जानेवारीपासून द्राक्षांची तोड सुरू झाली की फोन पालकांबरोबर मळ्यात असतो, संध्याकाळी सातनंतर घरी येतो. त्यामुळे ‘दुपारी चारपर्यंत भरा’ असं लिहिणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक. मुदत दुसऱ्या दिवशी सकाळी आठची ठेवली की प्रतिसाद येतात. सुरगाणा-पेठकडच्या पाड्यांवर जिथे रेंजच धड नाही, तिथे व्हिडिओचा नाद सोडून आवाजाची फाइल पाठवावी. ६४ केबीपीएस दर्जाच्या रेकॉर्डिंगला मिनिटाला अर्धा एमबी, म्हणजे चार मिनिटांचा पाठ दोन एमबीत बसतो आणि अधूनमधून रेंज आली तरी उतरतो.

व्हिडिओचं उद्दिष्ट होतं, ‘चार मिनिटांचे सहा पाठ, दिवाळीपर्यंत’. फोन पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर आडवा ठेवून खाली वहीवर लिहायचं. स्टँड नसला तरी चालतं. रेकॉर्डिंगआधी विमान मोड लावायचा, कारण मध्येच फोन आला की रेकॉर्डिंग तुटतं. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर, ओढणीच्या किंवा खिशाच्या घर्षणापासून लांब. ट्यूबलाइटखाली चित्रात काळ्या पट्ट्या सरकत असतील तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फ्लिकर ५० हर्ट्झवर आणा, आपली वीज त्याच वारंवारतेची आहे. उजेडाची खिडकी समोर हवी, पाठीमागे नको. पत्र्याच्या छपराच्या शाळेत जुलै-ऑगस्टमध्ये आवाज घ्यायचा प्रयत्नही करू नका. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसापुढे कुठलाच माइक टिकत नाही, रजई टांगूनही नाही. ते काम जूनच्या पहिल्या आठवड्यात उरकावं. पाठात मुलांचे चेहरे नकोत, हातच पुरे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती सांगितली आहे, त्यामुळे चेहरा दाखवायचाच तर आधी लेखी संमती घ्यावी.

आता तास. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे, म्हणजे दहा महिन्यांत महिन्याला पाच. हे सगळे तास दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावरच्या कोर्सांनी भरून टाकण्याचा मोह मोठा. पत्रकात वाटणी अशी केली: कोर्स २०, साहित्य बनवणं १५, मुलांचे प्रतिसाद वाचणं १०, सहकाऱ्याचा पाठ पाहणं ५. प्रतिसाद वाचण्याचे दहा तास कोणी मोजत नाही, आणि खरं म्हणजे तेच सगळ्यात कसदार.

कोर्स वाईट नाहीत. निष्ठा ३.० या सरकारी शिक्षक-प्रशिक्षणातले पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाचे १२ कोर्स प्राथमिकच्या शिक्षकाला नक्की उपयोगी. मात्र सुरुवात करण्याआधी प्रोफाइलमधलं नाव सेवापुस्तकाशी जुळवून घ्या, प्रमाणपत्रावर तेच छापून येतं. ज्या खात्याने कोर्स सुरू केला त्याच खात्याने संपवा. बॅचची शेवटची तारीख पत्रकात लिहा. ऑफलाइन पाहिलेला भाग नेट आल्यावर सिंक करा, नाहीतर टक्केवारी पुढे सरकत नाही. व्हिडिओ वेगाने पळवून प्रमाणपत्र मिळतंही, पण तिसरा रकाना कोराच राहतो.

सहकाऱ्याचा पाठ पाहण्याचे पाच तास मात्र फसले. शिक्षण परिषदेत, म्हणजे परिसरातल्या शिक्षकांच्या बैठकीत, ‘छान झालंय’च्या पुढे कोणी बोलत नाही. जानेवारीपासून पद्धत बदलली: पाठाची पहिली दोन मिनिटं आवाज बंद करून दाखवायची आणि काय शिकवलं जातंय ते पाहणाऱ्यांनी सांगायचं. कोणाला सांगता आलं नाही तर वहीवरची मांडणीच चुकली. त्यावर वाद होतात, आणि ते कामाचे असतात.

पत्रकातली खरी खोट म्हणजे चौथा रकाना. तास अंदाजाने, महिनाअखेरीला एकदम भरले जातात. पहिल्या पाठाला दीड तास लागतो, सहाव्याला चाळीस मिनिटं; ही घट दिसायला हवी, पण अंदाजाने भरलेल्या आकड्यांत ती बुडून जाते. पुढच्या जूनला तो रकाना त्याच दिवशी भरायचा.

फॉर्म वैयक्तिक खात्यात बनवले असतील तर मार्चअखेर एक काम राहतं. बदली झाली की फॉर्म शिक्षकाबरोबर जातात आणि शाळेत उरते फक्त लिंक. तेव्हा शाळेच्या खात्याला सहयोगी म्हणून जोडा, तिथून फॉर्मची प्रत काढून घ्या आणि त्या प्रतीची लिंक पत्रकाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा.