कॉलेजचा आउटडोअर लीडरशिप कोर्स करावा का? हो, पण रॅपलिंगसाठी नाही, समुद्रासाठी

रत्नागिरीत आमच्या कॉलेजला एस.वाय.च्या मुलांसाठी आउटडोअर लीडरशिप आणि साहसी खेळांचा सर्टिफिकेट कोर्स असतो. नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रारी पण आहेत. शनिवार-रविवार चालतो, पाऊस गेला की प्रॅक्टिकल सुरू होतं. ज्युनियर्स सारखे विचारतात रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणं) किती मिळतं, झिपलाइन असते का वगैरे, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. नुसतं थ्रिल हवं असेल तर तारकर्लीला जा, पॅरासेलिंग करा, स्कूबा करा, एका दिवसात काम होईल. हा कोर्स शिकवतो ते वेगळंच, दहा-पंधरा जणांना घेऊन बाहेर पडलात तर कुठे थांबायचं, कुठून मागे फिरायचं आणि ते सगळ्यांना पटवायचं कसं.

सगळ्यात भारी भाग समुद्राचा. तो शिकवायला मिरकरवाडा बंदरातले एक रिटायर्ड तांडेल, म्हणजे मच्छीमार होडीचे प्रमुख, येतात, सगळे त्यांना काकाच म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं आज तिथी काय, कोणालाच सांगता येईना, सगळे मोबाईलमध्ये भरतीचं अ‍ॅप शोधायला लागले. मग त्यांनी हिशोब सांगितला, तिथीला तीनने गुणा, चारने भागा, येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, आणि तिथून सहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. रोज पाऊणएक तास पुढे सरकत जातं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी. अर्थात ढोबळ हिशोब आहे, होडी काढताना टाइड टेबल बघायचंच हे पण त्यांनीच बजावलं. पण रेंज नसलेल्या किनाऱ्यावर हा हिशोब डोक्यात असणं म्हणजे काय ते तिकडे गेल्यावरच कळतं.

मग ओढ, म्हणजे आत समुद्राकडे खेचणारा प्रवाह, कशी ओळखायची. लाटा दोन्ही बाजूला फुटतायत आणि मधे एक पट्टा गपचूप, गढूळ, फेस आत समुद्राकडे चाललाय, नवख्या माणसाला तोच पट्टा शांत वाटतो आणि तो तिथेच उतरतो. सापडलात तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही, दम संपतो, किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्यातून बाहेर यायचं आणि मगच किनारा धरायचा. आणि दुसरा बुडत असेल तर उडी सगळ्यात शेवटी. आधी काठी किंवा ओढणी पुढे करा, नाहीतर दोर फेका, नाहीतर होडी बोलवा. फेकायला पाच लिटरचा रिकामा कॅन, बूच घट्ट लावलेला, तळाला थोडंसं पाणी ठेवायचं म्हणजे वाऱ्याने उडत नाही, आणि कानाला नायलॉनचा दोर. भाट्याच्या वाळूवर आम्ही हे कॅन हात दुखेपर्यंत फेकले. बुडणाऱ्याच्या डोक्यावर नाही, त्याच्या पलीकडे फेकायचा आणि मग दोर त्याच्या हातावर ओढून आणायचा.

हे एवढं लिहितोय कारण १ फेब्रुवारी २०१६ ला रायगडातल्या मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेली कॉलेजची १४ मुलं बुडाली. आमच्याच वयाची. दर सीझनला गणपतीपुळ्याला, इकडे-तिकडे कोणीतरी जातंच. कोकणातल्या प्रत्येक कॉलेजात हा समुद्राचा भाग तरी सक्तीचा करावा असं मला मनापासून वाटतं.

दोराचं काम ठीक आहे. फिगर ऑफ एट, क्लोव्ह हिच, प्रुसिक या गाठी, बिले म्हणजे दुसऱ्याचा दोर सांभाळणं, सगळं शिकवतात. सर चांगले आहेत, घाई करत नाहीत. सह्याद्रीतला काळा कातळ वेगळा आणि आपला जांभा वेगळा, जांभा ठोकून बघायचा, आवाज पोकळ आला तर तिथे अँकर (दोर बांधायचा आधार) नाही म्हणजे नाही, मग मागे झाड शोधा आणि दोर लांबवा. फर्स्ट एडला एक सिस्टर येतात, त्यांचं लेक्चर चुकवू नका. फुरसं (विषारी साप) चावलं तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, अंगठ्या-पैंजण काढायचे, पाय हलू द्यायचा नाही आणि थेट लस असलेलं हॉस्पिटल गाठायचं. उथळ पाण्यात पाय घासत चालायचं म्हणजे वाळूतली पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला मासा) आधीच पळते, आणि काटा लागलाच तर सोसेल तेवढ्या गरम पाण्यात पाय. विंचवाचं सांगताना महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचं केलेलं काम पण त्यांनी सांगितलं, आपल्या रायगड जिल्ह्यातलं काम जगभर वापरतात हे वर्गात अर्ध्यांना माहीतच नव्हतं.

शेवटी काळबादेवी ते गणपतीपुळे किनाऱ्याकिनाऱ्याने चालत जायचं असतं, लीडर आळीपाळीने विद्यार्थीच. आरे गाव ओलांडून वारे गावाकडे जायच्या वेळी आमच्या वर्गातली एक मुलगी लीडर होती. दुपारचे बारा, चतुर्थी, पाणी भरत होतं. पोरं म्हणाली डोंगराच्या पायथ्याने खडकांवरून जाऊ, पटकन होईल, जेवण पुढे होतं ना. तिने बोटांवर मोजलं, तीनला पूर्ण भरती, म्हणाली वरून रस्त्याने जायचं. ऊन रणरणतं, चढ, सगळे वैतागले, एकजण तर भांडलाच. सर मागे उभे, एक शब्द बोलले नाहीत. तिने भांडणाऱ्यालाच पुढे घातलं आणि सगळ्यात हळू चालणाऱ्याची बॅग स्वतः घेतली. संध्याकाळी सरांनी सगळ्यांना गोल बसवलं आणि कोण बरोबर ते न सांगता फक्त विचारलं, खडकांवर अर्ध्यात कोणाचा पाय मुरगळला असता तर त्याला घेऊन किती वेळ लागला असता. अर्धा तास त्यावरच चर्चा. लीडरशिप इथे शिकलो मी.

आता खटकलेलं. लाइफ जॅकेटं जुनी, काहींची बकलं तुटकी, काकांनी ती स्वतः बाजूला काढली म्हणून बरं, पण हे कॉलेजने आधी बघायला हवं, इथे काटकसर चालत नाही. सीपीआरच्या सरावाला एकच डमी, त्यामुळे प्रत्येकाला मिनिटभर मिळतं, ते पुरत नाही. पोहण्याची टेस्ट घेत नाहीत हे तर मला अजिबात पटलेलं नाही. लीडरशिपची पीपीटी लेक्चर्स कंटाळवाणी, तो वेळ डमीला द्या. मुलींसाठी कपडे बदलायची सोय किनाऱ्यावर जवळपास नसतेच, त्यांनी स्वतः तंबू लावून भागवलं.

आणि सर्टिफिकेटबद्दल गैरसमज नको, हे घेऊन कोणी मोठा गिर्यारोहक होत नाही. दार्जिलिंगचं एचएमआय (१९५४) किंवा उत्तरकाशीचं निम (१९६५) या गिर्यारोहण शिकवणाऱ्या संस्था, तिथला बेसिक कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो, बर्फावरचा, पुढे जायचं असेल तर तो करावाच लागतो. इथे फक्त पाया पक्का होतो.

फी परवडणारी आहे पण एसटीचं भाडं वेगळं धरा. फॉर्म भरायच्या आधी दोन गोष्टी ऑफिसात विचारा, जॅकेटं नवीन आली का आणि तांडेल काका यंदा शिकवायला आहेत का. पोहता येत नसेल तर पावसाळ्यात पूल लावून शिकून घ्या, प्रॅक्टिकल सुरू झाल्यावर वेळ मिळत नाही.