गिअरबॉक्स न खोलताच खोलल्याचे १८,५०० घेतले, त्याची गोष्ट

गेल्या जुलैतली गोष्ट. आमच्या दारात शहाबादी फरशी आहे, तिच्यावर गाडीखाली रुपयाएवढा डाग दिसला. मला वाटलं एसीचं पाणी असंल, पण बोट लावलं तर चिकट. बायकोला विचारलं तर म्हणते, "अवं, मी आठवडाभर बघालोय, म्हटलो तुम्हाला ठाऊक असंल." झालं. म्हणजे आठवडाभर गळतंय आणि मधेच एक रविवार आम्ही भर पावसात गगनबावड्याला जाऊन आलो होतो.

गाडी २०१२ ची स्विफ्ट पेट्रोल, लाखाच्या वर किलोमीटर झालेली, पण तक्रार म्हणून काही नाही. गॅरेज शहरातलंच, नाव घेत नाही, बोर्ड मोठा आहे आणि बाहेर कायम चार-पाच गाड्या उभ्या असतात त्यामुळं माणसाला वाटतं चांगलंच असणार. आधी कधी गेलो नव्हतो, ऑफिसच्या वाटेवर पडतं म्हणून गेलो, हीच पहिली चूक म्हणा.

पोरानं गाडी रॅम्पवर घेतली, मला खाली बोलावलं आणि टॉर्च मारला. गिअरबॉक्सची अख्खी खालची बाजू काळी, ओली, वर चिखल बसलेला. मालक आले, एक नजर टाकली न टाकली आणि म्हणाले, "साहेब, आतलं मेन सील गेलंय. ऑईल क्लचवर यायला लागलंय. गिअरबॉक्स उतरवायला पाहिजे, क्लच प्लेट पण गेलीच समजा. असंच चालवलं तर गिअरबॉक्स जाम हुईल, मग चाळीस-पन्नास हजार." आता गिअरबॉक्स जाम म्हटल्यावर आपली पण जाम होते की. बायको-पोरांना घेऊन घाटातनं आलोय हे डोळ्यासमोर आलं आणि मी हो म्हणलं. तेल नक्की कुठनं येतंय ते धुवून दाखवा, एवढं एक वाक्य बोललो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं.

सकाळी दहाला गाडी दिली. दुपारी तीनला फोन, गाडी तयार. मला तेव्हा उलट कौतुक वाटलं, काय फास्ट काम आहे! बिल १८,५००. साध्या पॅडवर पेनानं लिहिलेलं, गिअरबॉक्स ओव्हरहॉल, क्लच प्लेट, मेन सील, ऑईल, लेबर. जीएसटी नंबर नाही, पार्ट नंबर नाही. पक्कं बिल मागितलं तर म्हणाले त्यावर टॅक्स लागंल साहेब, कशाला उगं. मी पण चार पैसे वाचतायत म्हणून गप्प बसलो, म्हणजे त्यात माझाही लोभ आहे, लपवत नाही. पैसे यूपीआयनं दिले, एवढं एक बरं झालं. निघताना मालकांनी स्वतः पेपरात गुंडाळून जुनी क्लच प्लेट डिकीत ठेवली, "हे बघा, तुमची प्लेट, पार जळालेली." किती सरळ माणूस, असं वाटलं मला!

खाली वाकून बघितलं तर गिअरबॉक्स लख्ख. डिझेलनं धुतलेला, प्रेशर मारलेला, चकाचक. पाच दिवस फरशी कोरडी. सहाव्या दिवशी डाग, तिथंच, तेवढाच. परत गेलो तर म्हणे राहिलेलं ऑईल सांदीकोपऱ्यातनं निघतंय, पंधरा दिवस जाऊ द्या. पंधरा दिवसांनी डाग ताटलीएवढा आणि पाचव्या गिअरमध्ये बारीक हूंऽऽ असा आवाज.

माझा मामेभाऊ कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर आहे. गॅरेजवाला नाही, पण लोखंड कळतं त्याला आणि स्वतःची गाडी स्वतःच करतो. गणपतीच्या आधी घरी आला होता, त्याला सगळं सांगितलं तर पहिला प्रश्न, "दादा, क्लच स्लिप होत होता का रे? चढाला इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी उचलत नाही असं?" नाही. "मग ऑईल क्लचवर कसं येईल?" आतलं इनपुट शाफ्टचं सील (इंजिनकडनं गिअरबॉक्समध्ये येणाऱ्या दांड्याभोवतीची तेल अडवणारी रबरी कडी), मालक मेन सील म्हणत होते ते, गेलं तर तेल बेलहाऊसिंगच्या आत पडतं, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जोडलेत त्या पोकळीत, आणि तिथनं तळाशी ठिबकतं. प्लेट भिजली की क्लच घसरतो नाहीतर गाडी उचलताना थरथरते. माझ्या गाडीत यातलं काही नव्हतं, आणि हे तर मला तेव्हापण माहीत होतं, फक्त कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी उघडीप होती. गाडी जॅकवर घेऊन दोन घोड्या, म्हणजे गाडी पेलणारे स्टँड, लावल्या (नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही, कितीही घाई असू दे). त्यानं आधी चिंधीला तेल लावून वास घेतला आणि मला दिला. गिअर ऑईलला गंधकासारखा उग्र वास असतो, इंजिन ऑईलला तसला नसतो. कधीकधी इंजिनचंच तेल वरनं ओघळून गिअरबॉक्सवर येतं आणि लोक गिअरबॉक्सला दोष देतात. हे गिअर ऑईलच होतं. मग सगळं परत डिझेलनं धुतलं, पुसलं, वाळू दिलं आणि पोराची टाल्कम पावडर मारली. हो, अंगाला लावायची. आई वरनं बघून म्हणाली गाडीला न्हाऊ घालताय का काय. मग वाघबीळपर्यंत गेलो आणि परत आलो. पावडर सगळीकडं पांढरी आणि डाव्या ड्राइव्ह शाफ्टच्या (गिअरबॉक्समधनं चाकाकडं जाणारा दांडा) तोंडापासनं खाली एकच काळी रेघ. झालं निदान. पळताना वारा तेल मागं ढकलतो आणि सगळा तळ माखतो, त्यामुळं जिथं थेंब पडतो तिथं गळती असतेच असं नाही, ओल्या भागाचा सगळ्यात वरचा आणि पुढचा ठिपका बघायचा असतो. शाफ्ट जिथं गिअरबॉक्समध्ये घुसतो तिथं एक रबरी ऑईल सील असतं, तेच गेलेलं.

आता खरी मजा. भाऊ टॉर्च घेऊन आत बघत होता, म्हणाला इकडं ये, हे बोल्ट बघ. गिअरबॉक्स इंजिनला ज्या बोल्टांनी जोडलेला असतो त्यातल्या वरच्या बोल्टांच्या डोक्यावर कंपनीनं मारलेली रंगाची खूण तशीच, आणि भोवती वर्षानुवर्षांचा तांबडा चिखल दगड झालेला. पाना लागला असता तर तो चिखल उडाला असता. पुढं म्हणाला, गिअरबॉक्स उतरवायचा तर दोन्ही शाफ्ट काढावेच लागतात, आणि एवढं उतरवल्यावर ह्या दोन सीलांना हात न लावणारा मिस्त्री अजून जन्मायचाय. खाली उतरवून, खोलून, सील-बेअरिंग बघून परत बसवणं पाच तासात? तिथं बसलेली माणसं चहा तरी पितात की नाही?

लेव्हलचा बोल्ट उघडला (तेल त्याच्या भोकापर्यंत असायला पाहिजे), बोट घातलं तर तेल लागेचना. खालचा बोल्ट काढला तर जेमतेम सव्वा लिटर निघालं, काळं. दोन लिटरच्या वर पाहिजे होतं. म्हणजे बिलातलं ऑईल पण घातलं नव्हतं. पाचव्यातला आवाज कशाचा ते कळलं. मी पायरीवर बसूनच राहिलो. (एक लक्षात ठेवा, खालचा बोल्ट काढायच्या आधी वरचा भरायचा बोल्ट ढिला होतोय का बघायचं. तो गंजून अडकलेला असला आणि तुम्ही खालनं तेल सोडून बसला तर गाडी दारातच राहिली.)

काम सांगतो थोडक्यात. चाक काढलं, बॉल जॉइंट नकलमधनं (चाक धरणारा लोखंडी भाग) सोडवला, नकल बाहेर ओढून टॉमीनं, म्हणजे छोट्या पहारीनं, शाफ्ट आतल्या टोकाला उचकटला. शाफ्टवर जिथं सील घासतं तिथं नख फिरवून बघितलं, खाच नव्हती, नाहीतर नवीन सील पण टिकलं नसतं. जुनं सील निघालं ते प्लॅस्टिकसारखं कडक, बारा वर्षांचं, कंपनीचंच. ब्रीदर, म्हणजे गिअरबॉक्सची हवा जायची जागा, चिखलानं बुजलेला होता, तो मोकळा केला, कारण आत गरम होऊन प्रेशर झालं की तेल सीलमधनंच वाट काढतं. नवीन सील ठोकायला भावानं लेथवर बरोबर मापाचं बुश करून आणलं होतं, तेवढं उद्यमनगरचं सुख. तुमच्याकडं नसेल तर त्या मापाचा सॉकेट चालतो, पण सगळीकडनं सारखं आत जाऊ द्या, तिरकं बसलं की संपलं. सीलच्या आतल्या ओठाला थोडं ग्रीस. शाफ्ट परत घालताना पहिल्यांदा त्याला जागेवर धरणारा लॉक बसलाच नव्हता, ओढून बघितला म्हणून कळलं. तेल आणायला गेलो तर दुकानातल्या पोरानं जीएल-५ (ही गिअर ऑईलची ग्रेड) चा कॅन पुढं केला, जास्त नंबर म्हणजे भारी असं त्याचं गणित. आपल्या मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिलंय, आत गिअर सहज पडावा म्हणून पितळी सिंक्रो रिंगा असतात, त्यांना ते दुसरं मानवंलच असं नाही. मॅन्युअलमधलीच ग्रेड घ्या.

सील १९० रुपये, तेल साधारण हजाराचं, डिझेल-चिंध्या धरून खर्च तेराशेच्या आत. अख्खा रविवार गेला, तांबडा-पांढरा मी खायला घातला भावाला.

त्याच दुकानात ती डिकीतली जळकी प्लेट पण नेली होती. काउंटरवर स्विफ्ट पेट्रोलची नवीन प्लेट मागून शेजारी ठेवली. माझी म्हणून दिलेली प्लेट बोटभर मोठी, मधल्या दाताळ्याचं भोकपण वेगळं. दुकानदार हसला, म्हणाला ही डिझेल गाडीची दिसते, तुमच्यात बसणारच नाही.

मग गेलो गॅरेजवर. बोल्टचे फोटो, निघालेल्या तेलाचा व्हिडिओ, पेनानं लिहिलेलं बिल, यूपीआयची नोंद. मालक आधी गरम, मग पोरानं चुकून दुसरी प्लेट दिली म्हणाले. मी म्हणलं प्लेट चुकली असंल, पण बोल्टवरचा चिखल पण चुकून तसाच राहिला का? त्याला उत्तर नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पण जाता येतं, २०१९ च्या कायद्यानं घटना घडल्यापासनं २ वर्षांत, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पडत नाही. कच्चं बिल म्हणून सुरुवातीला धाकधूक होती, पण हातानं लिहिलेलं का असंना, त्यांच्या अक्षरात आहे आणि पैसे त्यांच्या खात्यावर गेल्याचं दिसतंय.

तक्रार गेल्यावर चौथ्या दिवशी मालकांचा स्वतःहून फोन, आवाज एकदम मऊ. "साहेब, कशाला वाढवायचं, दहा हजार देतो, मिटवून टाका." मी म्हणलं पूर्ण द्या. बारा म्हणाले. मी गप्प. मग म्हणाले, "बरं, पंधरा देतो. फक्त येताना ती जुनी प्लेट तेवढी घेऊन या."

प्लेट दिली नाही. माझ्याकडंच आहे, पेपरात गुंडाळलेली.