पल्सऑडिओ की पाइपवायर?

कुडाळचा भाचा अडकलाय. जुन्या लिनक्स लॅपटॉपवर आवाज सांभाळणारं पल्सऑडिओ व्यवस्थित चालतंय, पण आता त्याला डबलबारीची भजनं रेकॉर्ड करायचीत. तेच ठेवावं, की त्याच कामाचं नवं पाइपवायर घ्यावं?

पैसे दोन्हीला लागत नाहीत. खरा फरक विलंबाचा. पल्सऑडिओ गाणी ऐकण्यासाठी, बॅटरी वाचवत चालावं अशा बेताने बांधलेलं. पखवाजाची थाप हेडफोनमध्ये उशिरा आली की बुवांचा ठेका बिघडतो. मग जॅक, म्हणजे रेकॉर्डिंगसाठीचं कमी विलंबाचं सॉफ्टवेअर, वेगळं चालवा, आणि दोघं एकाच साउंडकार्डावर हक्क सांगतात. यात माझ्या कितीतरी संध्याकाळी गेल्या. पाइपवायर जॅकचे आणि पल्सऑडिओचे प्रोग्रॅम एकत्र सांभाळतं. ४८,००० हर्ट्झला २५६ फ्रेमचा बफर (एका वेळी साठवून पुढे पाठवायचा आवाजाचा तुकडा) म्हणजे जेमतेम ५ मिलिसेकंद. मात्र बफर फार कमी केला तर जुन्या प्रोसेसरवर आवाज तुटतो, तेव्हा आधी ५१२ ठेवून बघ.

शिकायला नवं थोडंच: आवाजाची नेहमीची 'पॅव्हूकंट्रोल' खिडकी दोन्हीकडे चालते. फेडोरा या लिनक्सच्या प्रकाराने २०२१ मध्येच पाइपवायर मूळ पर्याय केला.

नुसते सिनेमे आणि व्हिडिओ कॉल असतील, तर चालतंय ते हलवू नये. भाच्याने मात्र पाइपवायरच घ्यावं, आणि बदल सप्ताहाच्या आदल्या रात्री करू नये.