सुरू होतानाच अडकणारा कॉम्प्युटर: फॉरमॅट, एसएसडी की नवा सीपीयू?

मार्चअखेरीला सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात असतात. नेमक्या त्याच दिवसांत माझ्या मावसभावाच्या अडत दुकानातला कॉम्प्युटर सकाळी विंडोजच्या चिन्हापाशी येऊन थांबायला लागला. ठिपके थोडा वेळ गोल फिरायचे, मग तेही गप्प व्हायचे. बटण दाबून बंद करायचा, पुन्हा लावायचा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला एकदाचा यायचा. त्याने तिघांना विचारलं आणि तीन उत्तरं मिळाली. पहिला म्हणाला, "फॉरमॅट मारून देतो, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने घालतो, तासा-दोन तासांचं काम." दुसरा म्हणाला, "हार्डडिस्क काढा, एसएसडी टाका, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क." तिसऱ्याचं म्हणणं, "यात आता पैसे घालू नका, नवा सीपीयू घ्या, म्हणजे अख्खं मशीनच." संध्याकाळी त्याचा फोन आला, "ताई, यातलं काय करू?"

मी बरीच वर्षं कॉम्प्युटरच्या वर्गात शिकवते, आणि हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. तिन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत. पण मशीन नेमकं कुठे अडकतं हे पाहिल्याशिवाय दिलेला सल्ला हा अंदाजच असतो, आणि त्यातला एक अंदाज चुकला तर वर्षभराचे हिशेब जातात.

म्हणून आधी फक्त बघा. बटण दाबल्यावर पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच राहते, किंवा बीप वाजत राहतात, तर विंडोजची पाळी अजून आलेलीच नसते. दोष रॅम, एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) किंवा मदरबोर्डकडे (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) असतो आणि तिथे फॉरमॅटचा काडीचा उपयोग नाही. मदरबोर्ड कंपनीच्या नावापाशीच अडकला तर कीबोर्ड-माऊस सोडून मागचं सगळं काढा: प्रिंटर, पेनड्राइव्ह, डिजिटल सहीचा टोकनसुद्धा. लावून ठेवलेल्या पेनड्राइव्हमधून सुरू व्हायचा प्रयत्न करत अडकलेली मशिन्स मी कितीतरी पाहिली आहेत. विंडोजचे ठिपके फिरताना अडकला तर संशय डिस्कवर किंवा एखाद्या ड्रायव्हरवर (हार्डवेअर चालवणारा छोटा प्रोग्रॅम). पासवर्ड टाकल्यानंतर अडकला तर आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम आधी तपासा.

अडकल्यावर कीबोर्डवरचं नम लॉक दाबून पाहा. दिवा लागत-विझत असेल तर मशीन पूर्ण गोठलेलं नाही, ते कशाची तरी वाट बघतंय. त्याच वेळी कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा न लुकलुकता सलग पेटलेला असेल तर ती वाट बहुधा डिस्कची असते.

आता फॉरमॅट. हा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणून लोक आधी इथेच येतात, आणि माझा सगळ्यात जास्त विरोधही यालाच आहे. विंडोजच्या फायली खराब झाल्या असतील, व्हायरस असेल, तर फॉरमॅटने मशीन खरंच सुधारतं. पण डिस्क मरायला टेकली असेल तर त्याच डिस्कवर नवं विंडोज घालणं म्हणजे ओल धरलेल्या भिंतीला रंग देणं. दोन आठवडे बरं चालतं, मग तेच. आणि तोवर जुना डेटा पुसला गेलेला असतो. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा बऱ्याचदा सी ड्राइव्हवरच असतो. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फायलीही तिथल्याच. छापखान्यांत तर मराठी मजकुराचं जुनं श्रीलिपी सॉफ्टवेअर आणि त्याचे फॉन्ट असतात, ज्यांची सीडी आता कुणाकडे सापडत नाही.

शिवाय विंडोज सुरू होत नाही म्हणजे विंडोज पुसायलाच हवं, असंही नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर सुरू होतानाच निळ्या स्क्रीनवर कोसळू लागले. त्यांचं हार्डवेअर धडधाकट होतं. सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त गरजेपुरतं विंडोज सुरू करून, एक फाईल काढली की मशीन उठत होतं. आपल्याकडेही एखादा ड्रायव्हर किंवा अर्धवट बसलेला अपडेट असाच आडवा येतो. सुरू होणं लागोपाठ दोन-तीनदा फसलं की विंडोज बहुतेक वेळा स्वतःच दुरुस्तीचा निळा पडदा दाखवतं. तिथे स्टार्टअप रिपेअर, शेवटचा अपडेट काढणे, सिस्टिम रिस्टोअर आणि सेफ मोड हे चारही मार्ग डेटाला हात न लावता करून पाहता येतात. त्या पडद्याने बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की मागितली तर ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते. ती हातात नसताना फॉरमॅटच काय, बायोसची (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमची) सेटिंगही बदलू नका.

एक छोटी खूण आणखी. सकाळी बंद मशीन सुरू करताना अडकतं पण रिस्टार्ट केल्यावर नीट येतं, तर कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करून पाहा. ते चालू असताना शटडाउन पूर्ण होतच नाही, विंडोजचा काही भाग डिस्कवर साठवून सकाळी तोच परत उचलला जातो. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं.

एसएसडीचा सल्ला फॉरमॅटपेक्षा महाग, पण जुनी फिरती हार्डडिस्क असलेल्या मशीनला बहुतेक वेळा हाच खरा. साधी सॅटा केबलने जोडायची एसएसडीसुद्धा सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते, फिरती डिस्क शंभर-दीडशेच्या घरात राहते. दोष डिस्कमध्ये नसला तरी हा फायदा हाती उरतो, हे फॉरमॅटबद्दल म्हणता येत नाही. डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर दाखवतं: निळं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सावध, लाल म्हणजे आजच्या आज डेटा काढा. पिवळं-लाल दिसत असताना विंडोजची डिस्क तपासणी, म्हणजे चेकडिस्क, चालवू नका. ते सगळी डिस्क धुंडाळतं आणि थकलेली डिस्क त्यातच जीव सोडते. टक-टक आवाज येत असेल तर मशीन लगेच बंद करा आणि डेटा काढणाऱ्याकडेच न्या. आणि डिस्क बदलण्याआधी सॅटा केबल एकदा बदलून बघा, कधी कधी एवढ्यावरच भागतं.

तिघांपैकी कुणीच न काढलेला विषय म्हणजे वीज. वळवाच्या दिवसांत आपल्याकडे लाइट येते-जाते, आणि त्या झटक्यांनी एसएमपीएस हळूहळू म्हातारा होतो. त्याची १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या मध्ये राहायला हवी; सुरू होताना डिस्क आणि पंखे एकदम ओढ घेतात तेव्हाच तिचा व्होल्टेज खाली जातो. सकाळी गार मशीन अडकतं आणि दोन-चार प्रयत्नांनी येतं, हे याचंही लक्षण असतं. दुकानात दुसरा एसएमपीएस लावून पाहिला की दहा मिनिटांत कळतं. एसएमपीएसचा डबा मात्र स्वतः उघडू नका, वायर काढल्यावरही आत चार्ज राहतो.

तासगाव-पलूसकडून लोक सीपीयू गाडीवर पुढ्यात ठेवून सांगलीला आणतात आणि दुकानात तो झटक्यात सुरू होतो. माणूस ओशाळतो. ओशाळायचं काही कारण नाही. घरचं सॉकेट, एक्स्टेंशन बोर्ड, अर्थिंग बघून घ्या, दोष तिथे असू शकतो. किंवा वाटेतल्या हादऱ्यांनी सैल रॅम पुन्हा जागेवर बसली असेल. रॅमच्या पट्ट्या खोडरबराने पुसून एकेक लावून पाहणं घरी सहज जमतं, फक्त आधी विजेची पिन सॉकेटमधून काढा.

मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल तर चाळीस-पन्नास रुपयांचा. तो संपला की घड्याळ मागे जातं, आणि काही बोर्डांवर बायोसमधलं डिस्कचं सेटिंगही मूळपदावर येतं. मग उत्तम विंडोजही सुरू होत नाही आणि बिचाऱ्याचा फॉरमॅट होतो.

नवा सीपीयू कधी? ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाण्यात गेलेलं आणि वाळवून चालू केलेलं मशीन असेल तर त्यात एक रुपयाही घालू नका. बोर्डावरचा गंज थांबत नाही. दुसरं कारण विंडोजचं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्याआधीच्या मशीनचा मदरबोर्ड गेला असेल तर जुना बोर्ड शोधत बसण्यापेक्षा नवं घ्या. फक्त डिस्क गेली असेल तर मात्र एसएसडी टाकलेली वाया जात नाही, ती उद्या नव्या मशीनमध्येही लागते.

दुकानात गेलात तर आधी डेटा काढायला सांगा, त्याचे पैसे वेगळे लागले तरी. आणि काढलेला भाग परत मागून घ्या.

मावसभावाच्या मशीनचा डिस्कचा दिवा सलग पेटलेला होता आणि तब्येत पिवळी. मी त्याला सांगितलं, फॉरमॅट नको, नवा सीपीयूही आत्ता नको. आधी टॅलीचा डेटा दोन पेनड्राइव्हवर घेतला, मग एसएसडी टाकून त्यावर नवं विंडोज घातलं. प्रोसेसर सहाव्या पिढीचा आहे, म्हणून दिवाळीनंतर मशीन बदलायचं ठरलंय, आणि ही एसएसडी त्यात जाईल. जुनी डिस्क त्याने वर तारीख लिहून दुकानाच्या कपाटात ठेवली आहे. ऑडिट होईपर्यंत ती तिथेच राहणार.